हमीदा काकूंचा बोका

"काकू, उद्या पाऊस आहे का?" असं कुणी सहज विचारलं तरी हमीदा काकू चिडत. त्यांची सगळी नोकरी हवामान खात्यात झालेली. त्यामुळे मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत हा प्रश्न त्यांना जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी कुठेही गाठायचा. कुणाकडे लग्न असलं तर विचारूच नका. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "मी अंदाजवाली नाही, निरीक्षणवाली. आत्ता काय आहे ते विचार, सांगते." आणि खरंच सांगायच्या. वारा कुठून येतोय, ढग कुठल्या जातीचे आहेत, कालच्यापेक्षा दमट किती आहे. विचारणाऱ्याला त्यातलं काहीच नको असायचं.

लग्नानंतर मी पुण्याहून दिल्लीला आले तेव्हा त्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहत होत्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या, आडनाव मुकादम. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी मस्कतला. दारावरची आमची पाटी वाचून त्यांनी पहिल्याच दिवशी बेल दाबली आणि म्हणाल्या, "मराठी ना? चला, आता मला घराबाहेर मराठीत भांडता येईल." माझा नवरा अमेय आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला. त्याचं मराठी ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "तुझा नवरा मांजराला 'मांजर' म्हणतो आणि बोक्याला 'बिल्ला' म्हणतो. शिकव त्याला काहीतरी."

काकू उंच, सडसडीत, केस कापलेले. थंडीतही पायांत मोजे नाहीत. नोकरीत असताना रोज ठरल्या वेळी अंगणातल्या पांढऱ्या लाकडी पेटीतले थर्मामीटर वाचायचे, फुगा आकाशात सोडायचा आणि तो ठिपका होऊन दिसेनासा होईपर्यंत दुर्बिणीतून त्याच्या मागे जायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. त्यामुळे एखाद्या गोष्टीकडे न कंटाळता बघत राहायची त्यांना सवय होती. चहा उकळतानाही त्या तशाच बघायच्या. मी बोलत असताना मध्येच हात वर करून म्हणायच्या, "थांब हं, आता रंग धरतोय."

त्या काळात त्यांचं एकच वैर होतं. तळमजल्यावरचे खन्नाजी आणि त्यांचा बोका.

खन्नाजी पंच्याहत्तरीचे, विधुर, पांढराशुभ्र कुर्ता-पायजमा घालणारे. बोका नारिंगी, चांगला दांडगा, आणि नाव टायगर. खन्नाजी त्याला खांद्यावर घेऊन सकाळी गेटपर्यंत फिरून यायचे. नंतर टायगर जिन्याने दुसऱ्या मजल्यावर यायचा आणि काकूंच्या बाल्कनीत शिरून कोथिंबिरीच्या कुंडीत झोपायचा. काकू दिल्लीत तीस वर्षं काढूनही हिंदीतल्या लिंगवचनांशी कायमच फटकून वागत. त्या वरून ओरडायच्या, "खन्नाजी! आपका टायगर फिर हमारे कोथिंबीर में सोया!"

खाली खन्नाजी वर बघून हात जोडायचे. "बहनजी, टायगर है। जंगल में ही तो सोएगा।"

सगळी सोसायटी हसायची. काकूंना हसू यायचं नाही. त्यांनी कुंडीला जाळी लावली, तर टायगर जाळीवर झोपला.

मग एका उन्हाळ्यात खन्नाजींचा कॅनडातला मुलगा आला. बाथरूममध्ये खन्नाजी एकदा पडले होते, त्यांना एकटं ठेवणं आता शक्य नव्हतं. पंधरवड्यात फ्लॅटला कुलूप लागलं. टायगर नोएडातल्या एका चांगल्या घरी गेला, असं मुलाने सगळ्यांना सांगितलं. काकू म्हणाल्या, "सुटले बाई!" आणि नवीन कोथिंबीर पेरली.

टायगर कुठेही गेला नव्हता. ते नोएडावाले ऐन वेळी नको म्हणाले होते, आणि मुलाने जाताना कोरड्या खाण्याचं एक पोतं गार्डच्या केबिनमध्ये ठेवून दिलं होतं. हे आम्हाला पावसाळ्यात कळलं, तेही अर्धवट. पोतं संपल्यावर टायगर पार्किंगमध्ये राहायला लागला. लोक उरलेली पोळी, भात टाकत होते. येता-जाता तो मला दिसायचा. अंगावरचं मांस उतरलं होतं, पण रस्त्यावरच्या मांजराचं तसंच होतं, असं मी समजत होते.

काकूंनी मात्र पाहिलं. एका सकाळी गाड्या धुणाऱ्याच्या बादलीत तोंड घालून टायगर पाणी पीत होता. काकू दूध घेऊन परत येत होत्या. त्या थांबल्या. तो पीतच राहिला. माणूस दोन पेले पाणी पिऊन उठतो, हा उठेचना. आणि उठला तेव्हा त्याचे मागचे पाय सरळ झालेच नाहीत. मांजर चवड्यावर चालतं. हा टाचा जमिनीला टेकवून, सशासारखा ढुंगण खाली ठेवून चालत होता. चार पावलं गेला आणि कुशीवर कलंडला.

मी ऑफिसला निघाले होते. काकूंनी दुधाची पिशवी माझ्या हातात दिली, ओढणी काढली, त्यात टायगरला गुंडाळलं आणि म्हणाल्या, "तुझी टॅक्सी मी घेते. तू दुसरी बोलाव."

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. टायगर जुन्या चादरीवर पडला होता आणि काकू खुर्चीवर बसून त्याच्याकडे बघत होत्या. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. बोक्याला मधुमेह होता, आणि साखर फार दिवस वाढलेली राहिल्याने मागच्या पायांच्या नसांना इजा झाली होती. दिवसातून दोनदा इन्सुलिन, ठरलेलं खाणं, कानाला टोचून साखरेची तपासणी. वय झालेलं. एवढं करणं जमणार नसेल तर त्याला शांतपणे कायमचं झोपवणं हाही मार्ग आहे, तुम्ही विचार करा, असं त्यांनी सांगितलं होतं.

"मग?"

"मी विचारलं, नसा परत येतात का? त्या म्हणाल्या, मांजरांमध्ये पुष्कळदा येतात, साखर ताब्यात राहिली तर. महिने लागतील. पण गॅरंटी नाही." काकूंनी खांदे उडवले. "गॅरंटी मी मागितलीच नव्हती."

मी जरा चाचरत म्हटलं, "काकू, पण तुम्हाला तर हा आवडत नव्हता."

"अजूनही आवडत नाही," त्या म्हणाल्या. "आवडण्याचा काय संबंध? तो माझ्यासमोर पडला."

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घराचं रूप पालटलं. टाइल्सवर टायगरचे पाय घसरत, म्हणून दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत सतरंज्या अंथरल्या गेल्या. त्याच्या शी-शूसाठी मातीचा खोका दोन जागी ठेवला, एका बाजूची कड कापून, म्हणजे त्याला पाय उचलावे लागू नयेत. खाण्यात भात-पोळी बंद, उकडलेली कोंबडी आणि डॉक्टरांनी दिलेलं डब्यातलं अन्न. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, या वेळा हवामान खात्यासारख्या पाळल्या जात. फोनवर मस्कतची मुलगी असली तरी सातला फोन ठेवला जाई.

सुई टोचायला मी घाबरत असे. काकूंनी मला एकदा जवळ बसवून मानेमागची सैल कातडी चिमटीत कशी उचलायची ते दाखवलं. "बघ, त्याला कळतसुद्धा नाही. घाबरतो ते आपण." साखरेचा आकडा पुष्कळ वर आला की मी हळहळायचे. त्या म्हणायच्या, "आकड्यावर रागवायचं नाही. आकडा वाईट नसतो. तो फक्त सांगतो. आपण ऐकायचं."

पायांचा व्यायाम सकाळ-संध्याकाळ चाले. त्यासाठी त्यांना जमिनीवर बसावं लागे, आणि त्यांचे गुडघे गेलेले. गेल्या कित्येक वर्षांत त्या कुणाच्याच घरी जमिनीवर बसल्या नव्हत्या. आता सोफ्याला धरून, तोंडाने "या अल्लाह" म्हणत खाली बसायच्या आणि उठायची वेळ आली की मोठ्याने हाक मारायच्या, "मृणाल, क्रेन पाठव!" मग मी किंवा अमेय जाऊन त्यांना उभं करायचो. खाली बसल्या की टायगरचं एकेक पाऊल हातात घेऊन बोटं मोकळी करायच्या, घोटा हळूच वाकवायच्या, सरळ करायच्या. मग तळपायाला आपला तळहात लावून थोडा दाब द्यायच्या आणि वाट बघायच्या. त्याने उलट रेटलं पाहिजे. पहिले कित्येक दिवस त्याने काहीच केलं नाही. पाऊल त्यांच्या तळहातावर नुसतं पडून राहायचं.

मी विचारायचे, "काही वाटतंय का?"

"नाही."

एवढंच. त्या आवाजात निराशा नसायची. नाही म्हणजे आज नाही.

मऊ टॉवेलची झोळी करून ती त्याच्या पोटाखालून घालायची, मागचा भाग अलगद उचलून धरायचा, आणि त्याने पुढच्या पायांनी चालायला लागलं की मागचे पाय चवड्यावर टेकतील असं सांभाळत वाकून त्याच्यामागे जायचं. हे काम अमेय करायचा, कारण काकूंची कंबर तेवढी वाकत नसे. ऑफिसमधून आला की टाय सोडायच्या आधी तो समोर जायचा. एकदा आतून काकूंचा आवाज ऐकू आला, "ओढू नकोस रे! तो नेईल तिकडे जा. बोका तो आहे, तू नाहीस."

"येस, काकू."

"आणि त्याला काय म्हणायचं?"

"बोका."

"शाबास."

भादव्याच्या सुमारास एका सकाळी त्यांनी माझी बेल लागोपाठ वाजवली. मी दार उघडलं तर काकूंचा चेहरा पांढरा पडला होता. टायगरला इन्सुलिन दिलं होतं आणि त्याने नंतर खाल्लंच नव्हतं. आता तो सतरंजीवर आडवा पडून थरथरत होता, डोळे भलतीकडेच. "मध आण," त्या म्हणाल्या. "माझ्याकडचा संपला." मी मधाची बाटली घेऊन धावले. त्यांनी बोटाने त्याच्या हिरड्यांना मध चोळला, पुन्हा चोळला.   टॅक्सीत त्या सारखं त्याच्या हिरड्यांना मध लावत होत्या आणि मी ड्रायव्हरला "भैया, जल्दी" म्हणत होते. दवाखान्यापाशी पोचेपर्यंत त्याने मान उचलली होती. डॉक्टरांनी सलाइन लावलं, डोस कमी केला, दुपारपर्यंत ठेवून घेतलं.

बाहेर बाकावर बसून काकू म्हणाल्या, "मुलीचा फोन आला होता, सात वाजत आले होते, मी आधी सुई टोचून टाकली. आधी त्याला खाऊ घालून बघायचं होतं. चूक माझी."

"काकू, होतं असं."

"होतं म्हणूनच सांगतेय." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "गमावला असता तर, मृणाल, मला फार वाईट वाटलं असतं." आणि असं काही बोलून गेल्याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

थंडी सुरू होत होती तेव्हा टायगरच्या उजव्या पावलाने त्यांच्या तळहाताला पहिल्यांदा उलट रेटलं. त्यांनी मला हाक मारून बोलावलं, माझा हात तिथे ठेवला. अगदी बारीक, कुणी आतून दार ढकलावं तसं. "आहे ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आहे."  त्या उठून आत गेल्या आणि कोंबडीचा मोठा तुकडा घेऊन आल्या. उठताना त्यांनी क्रेन मागवली नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मग लाटण्यांचा प्रकार सुरू झाला. टायगर उभा राहू लागला होता, पण पाय उचलून टाकत नव्हता, घासत नेत होता. त्याच्या वाटेत बुटके अडथळे ठेवा, म्हणजे तो पाय उचलेल, असं डॉक्टरांनी सुचवलं. काकूंनी सतरंजीवर आपलं लाटणं आडवं ठेवलं. एक पुरेना. माझं आणलं. मग वरच्या मजल्यावरच्या घोष बाईंचं, शेजारच्या अरोरांचं. बंगाली लाटणं बारीक, दोन्ही टोकांना निमुळतं, पंजाबी जाडजूड. काकूंनी ती चढत्या क्रमाने मांडली. आधी घोष, मग मुकादम, मग आम्ही, शेवटी अरोरा. संध्याकाळी त्यांच्या घरात लाटण्यांची शिडी पसरलेली असे आणि आमच्या तिन्ही घरांत पोळ्या उशिरा होत. अरोरा भाभी दारातून विचारायच्या, "आंटी, टायगर ने मेरा वाला पार किया?" बरेच दिवस टायगर अरोरांच्या लाटण्यापाशी येऊन बसकण मारत असे. एका रविवारी त्याने आधी एक मागचा पाय उचलून पलीकडे ठेवला, मग विचार करून दुसरा. दारात उभ्या असलेल्या भाभींनी टाळ्या वाजवल्या, तसा तो दचकून सोफ्याखाली गेला. काकू त्यांच्यावर भडकल्या. पण लाटणं परत करताना त्यांनी ते घासूनपुसून, सोबत वाटीभर खीर घालून दिलं.

वसंत आला तेव्हा टायगर चवड्यावर चालत होता. चाल थोडी जपून, उंच उडी नाही, पण टाचा वर. इन्सुलिन चालूच राहिलं. आणि एका दुपारी मी त्यांच्या बाल्कनीत डोकावले तर तो कोथिंबिरीच्या कुंडीत झोपलेला. काकू शेजारी खुर्ची टाकून वाचत होत्या. मी काही म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, "बोलू नकोस. कोथिंबीर बाजारात मिळते."

खन्नाजींवरचा राग मात्र उतरला नव्हता. उलट टायगर बरा होत गेला तसा तो वाढत गेला. "येऊ दे त्यांना इकडे," त्या म्हणायच्या. "खांद्यावर मिरवायचं आणि मग पार्किंगमध्ये सोडायचं. मी सोडणार नाही." काय काय बोलायचं ते त्यांनी हिंदीत मला ऐकवूनही दाखवलं होतं, लिंगवचनांसकट.

पुढच्या हिवाळ्यात ते आले, मुलाबरोबर, फ्लॅट विकायला. मी काकूंकडेच होते. जिन्यातून काठीचा आवाज आला. खन्नाजी फार वाळले होते. कुर्त्यावर जाड जाकीट, गळ्यात मफलर. पंचवीस वर्षांचे शेजारी, म्हणून ते वरती भेटायला येत होते, एवढंच. दार उघडंच होतं. टायगर उंबरठ्यापाशी आला.

खन्नाजी जिन्यातच थांबले. "टायगर?"

मग ते पायरीवर बसले. टायगर त्यांच्यापाशी गेला, बुटांचा वास घेतला, काठीचा घेतला, पलीकडे निघून गेला. मग परत आला आणि त्यांच्या पायावर अंग टाकून बसला. खन्नाजी मफलरने डोळे पुसत म्हणाले, "बहनजी, मुझे तो बोला था, नोएडा में किसी कोठी में है। बड़े मज़े में है।"

मुलगा मागे उभा होता. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि त्यात बघू लागला.

काकू दारात ताठ उभ्या होत्या. मला वाटलं, आता सुरू होणार. त्या खन्नाजींकडे बघत होत्या, मग मुलाकडे बघितलं, मग परत खन्नाजींकडे. आणि म्हणाल्या, "खन्नाजी, अंदर आइए। चाय लेंगे? उसके इंजेक्शन का टाइम हुई है। आज आप दीजिए।"

त्यांनी टायगरची कातडी चिमटीत धरली, खन्नाजींच्या हातात सुई दिली आणि त्यांचा हात आपल्या हातात धरून ती टोचली. "देखो, उसको पता भी नहीं चला," त्या म्हणाल्या.

ते गेल्यावर मी म्हटलं, "काकू, काहीच बोलला नाहीत?"

"त्यांना माहीतच नव्हतं गं. आणि ज्याला माहीत होतं, त्याच्याच हाती म्हातारपण आहे त्यांचं. त्या पोराला मी दारात उभं करून धुतलं असतं, तर घरी गेल्यावर ऐकून कुणाला घ्यावं लागलं असतं?"

खन्नाजी होते तेवढे दिवस रोज संध्याकाळी सातला वर येत. निघायच्या आदल्या दिवशी मी गेले तेव्हा काकूंच्या दिवाणखान्यात एक नवी टोपली होती. आत टायगरची चादर. बाजूला औषधं, एका पिशवीत त्याची वाटी. काकूंनी विमानात मांजर नेण्याची सगळी चौकशी करून ठेवली होती. खन्नाजी समोर बसले होते.

"आपका है," काकू म्हणत होत्या. "ले जाना है तो सब तैयार है। डॉक्टर का सर्टिफिकेट भी हो जाएगा, दो दिन बाद कोई लेके आ सकता है।" आवाज अगदी हवामानाचा. आत्ता काय आहे ते सांगणारा.

खन्नाजींनी टोपलीकडे बराच वेळ पाहिलं. "मैं तो वहाँ अपनी ही दवाई भूल जाता हूँ," ते म्हणाले. "इसका सात बजे कौन याद रखेगा? नहीं जी। यह यहीं का है।"

काकू "अच्छा" म्हणाल्या, उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन टायगरची वाटी धुवायला लागल्या. वाटी स्वच्छच होती. नळ बराच वेळ चालू राहिला.

त्यानंतर साधारण वर्षाने अमेयची बदली झाली आणि आम्ही दिल्ली सोडली. काकूंचा निरोप आदल्या संध्याकाळीच घेऊन झाला होता. रडायचं ते मी रडले होते, त्यांनी मला "पुरे" म्हणून गप्प केलं होतं. सकाळी सामान टॅक्सीत भरलं, गाडी गेटकडे निघाली आणि मधेच थांबली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी वाकून पुढे बघितलं. रस्त्याच्या मधोमध टायगर होता, कोवळ्या उन्हात, एका पार्किंगमधून समोरच्या हिरवळीकडे निघालेला. त्याच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे, हमीदा काकू. शाल, उघडे पाय चपलांत, हातात दुधाची पिशवी.

ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न वाजवला. काकूंनी वळूनही न बघता तळहात वर केला, थांब म्हणून. गाडीत कोण आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्याने काही फरक पडला नसता. टायगर मधेच थांबून जमिनीवरच्या एका पानाचा वास घेऊ लागला. काकू थांबल्या. मी काच खाली करायला हात नेला आणि परत घेतला. "मॅडम, फ्लाइट?" ड्रायव्हर म्हणाला. अमेय म्हणाला, "रुको भैया। बोका जा रहा है।"

टायगरचं पान हुंगून झालं. तो निघाला, चवड्यावर, एकेक पाऊल नीट टाकत. फुटपाथच्या कडेशी येऊन त्याने अंदाज घेतला, मागचे पाय आवळले आणि छोटीशी उडी मारून वर गेला. मग काकूंनी हात खाली घेतला.